जुनं गिऱ्हाईक, सवलत आणि चढलेला आवाज

भोकरच्या मोंढ्यात अडतीच्या गादीवर मालक स्वतः बसलेला असतो. जुन्या शेतकऱ्याला उचल द्यायची की नाही, हे तो तिथल्या तिथे ठरवतो. याउलट बँकेच्या किंवा मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेत फोन उचलणारी मुलगी पगारी नोकर असते, तिला नियमांनी आखून दिलेल्या चौकटीतच बोलावं लागतं. आपण मात्र तिच्याशी मालक समजून भांडतो.

गैरसमज : आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही.

भोकर हे मुदखेड–आदिलाबाद मार्गावरचं स्टेशन. तिथल्या तिकीट खिडकीचंच उदाहरण घ्या. रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट सवलत 20 मार्च 2020 पासून थांबवली. त्याआधी साठीपुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांपुढच्या महिलांना 50 टक्के सूट होती. ती बंद करण्याचा निर्णय वर झाला. खिडकीवरच्या क्लार्कला कितीही बोललं तरी तो त्यात एक रुपया कमी करू शकत नाही. ज्येष्ठांचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतो.

काही गोष्टी मात्र खरोखर समोरच्याच्या हातात असतात. क्रेडिट कार्डाचं वार्षिक शुल्क माफ करणं, वॉरंटी नुकतीच संपलेल्या वस्तूची दुरुस्ती करून देणं, विनंती वरिष्ठांकडे पाठवणं, यात कर्मचाऱ्याला थोडी मोकळीक असू शकते. ती तो कोणासाठी वापरेल? दिवसभर शिव्या ऐकणारा माणूस शिव्या देणाऱ्यासाठी नियमाबाहेर पाऊल टाकत नाही.

गैरसमज : जुनं गिऱ्हाईक म्हटल्यावर सवलत मिळालीच पाहिजे.

असा कायदा नाही. उलट चांगल्या ऑफर पुष्कळदा नव्या ग्राहकाला ओढण्यासाठी असतात, जुना आहे तिथेच राहील असं कंपनी धरून चालते. म्हणून मागावं लागतं, आणि नेमकं मागावं लागतं. “ताई, इतक्या वर्षांपासून कार्ड वापरतोय, बिल कधी थकवलं नाही. यंदाचं शुल्क माफ होईल का? तुमच्या हातात नसेल तर कोणाशी बोलू?” एवढं पुरे. “तुम्ही सगळे लुटारू” यातून तिला करण्यासारखं काहीच सापडत नाही.

“नाही तर पोर्ट करतो” ही धमकीही पोकळ असेल तर वाया जाते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. 1900 वर ‘पोर्ट’ आणि आपला नंबर असा मेसेज इंग्रजीत पाठवायचा, की कोड येतो. सध्याच्या कंपनीकडे 90 दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. खरंच जायचं असेल तर शांतपणे सांगा, नसेल तर तो विषय काढू नका.

गैरसमज : नम्र बोलणं म्हणजे मिंधेपणा.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हाच समज करतो, कारण त्यात हक्क आणि मेहेरबानी यांची सरमिसळ होते. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. कंडक्टरकडे त्यासाठी हात जोडायची गरज नाही. मात्र भोकरहून तेलंगणातल्या भैंशाकडे निघालात तर ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, तिथे त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. तसंच क्रेडिट कार्डाचं. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती बँकेने कामाच्या सात दिवसांत पूर्ण करायची असते, नाही तर उशिराच्या दर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. तो ठामपणे सांगा, पण “अहो-जाहो” सोडू नका.

फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. इतर वस्तू-सेवांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.