वाय-फायची रेंज घरभर कशी पोचवावी?



आपल्या गावात आता बऱ्याच घरांत वाय-फाय आले आहे. पण घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "इथं रेंज येते, तिथं येत नाही." आमच्याही घरी तसेच होते. आम्ही ते कसे सुधारले, हे मी आज सांगणार आहे.

माझी ताई बारावीला आहे. रात्री आठ वाजता तिचा मोबाईलवर सीईटीचा वर्ग असतो. माजघरात आजी-आजोबा लवकर झोपतात, म्हणून ती सोप्यात बसते. पण सोप्यात चित्र थांबायचे, आवाज तुटायचा. एकदा सराव परीक्षा चालू असतानाच नेट गेले आणि तिचा अर्धा पेपर तसाच राहिला. ती खूप रडली. बाबा म्हणाले, "दर महिन्याला पैसे जातात आन् उपयोग काही नाही. पुढच्या महिन्यापासून बंदच करू." शेजारचे काका म्हणाले, "दुसरा डबा विकत आणा." पण कांद्याचे बी आणायचे होते. डब्याला पैसे कुठून आणणार?

मी शाळेत बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "आधी मोज, मग बोल."

नेटचा वेग मोजता येतो. मोबाईलवर त्याची चाचणी असते. आकडा एमबीपीएसमध्ये येतो. जितका मोठा आकडा, तितका वेग जास्त. मी ताईचा मोबाईल घेऊन प्रत्येक ठिकाणी तीन-तीन वेळा मोजले आणि वहीत लिहिले. डब्याजवळ ३८ आले. आम्ही ४० चे पैसे भरतो. म्हणजे बाहेरून येणारे नेट चांगले होते! पण सोप्यात फक्त ३ आले. मग दोष बाहेरचा नाही, घरातलाच, हे मला कळले. डब्याजवळही आकडा कमी आला असता तर मात्र जोडणी देणाऱ्यांकडे तक्रार करावी लागली असती.

आता दोष कोणता ते पाहू. वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रकाशाच्याच कुळातल्या आहेत. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. म्हणजे लहरी भिंतीतून जातात. पण भिंत जाड असली की त्या दमतात. पाण्यात त्या मुरतात. आणि लोखंड-पत्र्यावर आपटून परत फिरतात.

आमचा डबा कुठे होता? माजघराच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर, आणि धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे! शेजारी पाण्याचा रांजण. पुढे दगडमातीची दोन फूट जाड भिंत. मी हे घरी सांगितले तेव्हा आजी हसली आणि म्हणाली, "अरे, दिवा दिवळीत ठेवतात, कोठीमागं कोण ठेवतं?"

मग बाबांनी जोडणीवाल्या काकांना बोलावले. वायर आपण ओढू नये. तिच्या आत केसासारखा काचेचा धागा असतो, तो जास्त वाकवला तर तुटतो. काकांनी डबा माजघर आणि सोपा यांच्या मधल्या दारावर, लाकडी फळीवर बसवला. आता लहरी दारातून सोप्यात जातात. मी पुन्हा मोजले.

ठिकाण – आधी – नंतर
सोपा – ३ – ३१
माजघर – ३४ – ३६
स्वयंपाकघर – ६ – १९

खर्च फक्त फळीचे खिळे.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) डबा उंच, उघड्यावर आणि घराच्या मध्यावर ठेवावा. कपाट, आरसा, फ्रीज यांच्यामागे ठेवू नये.

२) डब्याच्या काड्या उभ्या ठेवाव्यात. लहरी काडीच्या चहूबाजूंना पसरतात, टोकाकडे कमी जातात. म्हणजे दिव्याखाली अंधार! माडीवर रेंज हवी असेल तर एक काडी आडवी करून पाहावी.

३) पुष्कळ डब्यांची दोन नावे दिसतात. २.४ ची लहर साधारण १२ सेंटीमीटर लांब असते. ती लांब जाते, पण वेग कमी. ५ ची लहर चार बोटांएवढी. तिचा वेग जास्त, पण भिंतीपुढे ती लवकर हरते. जवळ बसलात तर ५, लांब बसलात तर २.४ घ्यावे. नावापुढे ५जी लिहिलेले असले तरी ते मोबाईलचे फाइव्ह-जी नव्हे.

४) रेंज वाढवणारा छोटा डबा घ्यायचाच असेल तर तो अर्ध्या वाटेवर लावावा. जिथे रेंजच नाही तिथे लावला तर तो पुढे काय देणार? त्यापेक्षा तारेने जोडलेला दुसरा डबा चांगला. ही तार १०० मीटरपर्यंत चालते.

५) एका डब्यावर फार मोबाईल जोडू नयेत. नेट सगळ्यांत वाटले जाते.

पाचवी गोष्ट मी लिहिणार नव्हतो. पण बाई म्हणाल्या, "खरं ते लिही." आमचा पासवर्ड मीच चार मित्रांना सांगितला होता. रात्री आमच्या ओट्यावर बसून आम्ही व्हिडिओ बघायचो आणि आत ताईचा वर्ग अडकायचा. मी ताईला सांगितले. ती एक दिवस बोलली नाही. मग आम्ही पासवर्ड बदलला. मित्रांनो, रागावू नका. ताईचा वर्ग साडेनऊला सुटतो. रविवारी दुपारी या, आपण मिळून बघू.

गेल्या रविवारी ताईने सराव परीक्षा शेवटपर्यंत दिली. एकदाही नेट गेले नाही. बाबा अजून "बघू" असेच म्हणतात, पण या महिन्याचे पैसे त्यांनी भरले आहेत.

म्हणून पालकहो, नवा डबा आणण्याआधी किंवा नेट बंद करण्याआधी एकदा मोजून पाहा. कुणाला मोजता येत नसेल तर मला सांगा. मी वही घेऊन येईन.

– इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक १४