पहिल्या घागरीचा हिशेब



गावात नळ येतो तेव्हा पहिल्या दिवशी सारे गाव घागरी घेऊन तिकडे धावते. पुढे पाणी बारमाही झाले की त्याचे मोल कोणी विचारीत नाही. घरातल्या इंटरनेटचेही असेच झाले आहे. आज त्या पहिल्या घागरीचा हिशेब करून पाहू या.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. आरंभ झाला तो मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत. दर ऐका. चित्रांसह सर्व काही पाहावयाचे, तर व्यक्तीला वर्षाला १५,००० रुपये. त्यात मिळत २५० तास. म्हणजे ताशी ६० रुपये आणि दिवसाकाठी जेमतेम ४१ मिनिटे! विद्यार्थ्यांना ५०० रुपयांचा सवलतीचा दर होता, पण त्यांच्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटत, चित्रे नाहीत. संगणक, मोडेम आणि टेलिफोनचे बिल, हा खर्च निराळाच.

आता हे मोडेम म्हणजे काय? टेलिफोनची तार आवाज वाहून नेण्यासाठी घातलेली; संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक या दोन अंकांची. मोडेम अंकांचा आवाज करी आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा अंक करी. म्हणून तर जोडणी होताना ते कर्कश चिरचिरणे ऐकू येई. तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे. वेग सेकंदाला ९,६०० अंक, म्हणजे सुमारे १,२०० रोमन अक्षरे. पत्र दोन-तीन सेकंदांत जाई. साधे छायाचित्र यायला मात्र दीड-दोन मिनिटे लागत.

मग एवढा खर्च लोक का करीत? १९९७ च्या मे महिन्यात मी मुंबईला मामांकडे गेलो होतो. मामेभावाने विद्यार्थ्याची जोडणी घेतली होती आणि मामेबहीण अमेरिकेत होती. मामी दुपारभर विचार करून मजकूर कागदावर उतरवीत. भाऊ तो रोमन लिपीत टाइप करून ठेवी, मगच फोन जोडी, पत्र धाडी आणि लगेच जोडणी तोडी. विमानाच्या टपालाला आठ-पंधरा दिवस लागत. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर! मामींनी ते शेजारच्या तीन घरी वाचून दाखविले.

खेड्यातल्या माणसाला मात्र हे सुख नव्हते. केंद्र मोठ्या शहरात, म्हणजे दर वेळी परगावच्या कॉलचा भुर्दंड. पुढे नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, केंद्रे वाढली, दर उतरले.

आता शेवटची बेरीज. ते २५० तास पूर्ण वेगाने अखंड वापरले, तरी वर्षभरात सुमारे एक जीबी मजकूर येई. आज मोबाइलच्या अनेक योजनांत रोज एक-दीड जीबी मिळतो. वर्षाची घागर आपण एका दिवसात रिती करतो, आणि काय प्यायलो ते संध्याकाळी आठवत नाही!

शिक्षक मित्रांनो, जुनी महागाई परत यावी असे मी म्हणत नाही. आजही कित्येक घरांत एकच फोन असतो आणि दोन भावंडांना त्यावर पाळीपाळीने अभ्यास करावा लागतो. पण मामींची एक सवय वर्गात लावून पाहा. मुलांना सांगा, आधी आपला प्रश्न वहीत लिहा आणि मगच फोन हाती घ्या. उत्तर मिळाले की फोन ठेवा आणि ते आपल्या शब्दांत लिहून काढा. त्या वहीला खर्च काही नाही. एक महिना करा, आणि मुलांना काय आठवते ते विचारून पाहा.