रस्ते शहराचे, कर राज्याचा

पुण्याच्या रस्त्यावर पडलेला खड्डा महापालिकेचा आणि त्या खड्ड्यात आदळणाऱ्या मोटारीवरील कर राज्य सरकारचा, अशी आपल्याकडील वाटणी आहे. दर पावसाळ्यात नागरिक महापालिकेस बोल लावतात, महापालिका निधीच्या टंचाईचे गाऱ्हाणे गाते, आणि मंत्रिमहोदय मुंबईहून येऊन अधिकाऱ्यांची सर्वांदेखत कानउघाडणी करून परत जातात. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की, रस्त्यासाठी पैसा मुळात कोणी द्यावयाचा हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. तो आता विचारणे प्राप्त झाले आहे. खड्ड्यामुळे अथवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झालेल्यास ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. सुस्थितीतील रस्ता हा नागरिकाच्या जीविताच्या हक्काचाच भाग होय, ही त्यामागील भूमिका. ही भरपाई महापालिकांवरही पडणार आहे. ज्याच्यावर उत्तरदायित्व आले त्याच्या हाती साधने आहेत की नाहीत, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. नगरसंस्थांकडे सोपविता येण्याजोग्या अठरा कामांची ती यादी. तीत रस्ते आणि पूल चौथ्या क्रमांकावर आहेत. परंतु कामांची यादी देणाऱ्या घटनेने करांची यादी मात्र नगरसंस्थांना दिली नाही. कोणता कर त्यांनी बसवावा हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावयाचे. वाहनांवरील कर सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचा विषय, आणि महाराष्ट्रात तो १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने वसूल होतो. ८ लाख रुपयांची पेट्रोल मोटार घेणाऱ्या कोथरुडच्या एखाद्या गृहस्थास ११ टक्क्यांच्या दराने ८८ हजार रुपये एकरकमी कर भरावा लागतो. ती मोटार पुढील पंधरा वर्षे बहुतांशी कर्वे रस्त्यावर आणि लक्ष्मी रस्त्यावर फिरणार, तेथेच उभी राहणार, तेथीलच डांबर झिजविणार. पण त्या ८८ हजारांतील एक रुपयाही थेट महापालिकेच्या तिजोरीत पडत नाही. पेट्रोलवर राज्य जो कर घेते त्याचीही तीच गत.

ही व्यवस्था अनादि नव्हे. एके काळी नगरपालिका वाहनांवर चाकपट्टी घेत असत. १९३५ च्या मुंबई इलाख्यातील मोटार कर कायद्याने ती मोटारींपुरती बंद झाली, कर सरकारकडे गेला आणि नगरपालिकांना मोबदला देण्याचे ठरले. वाढता कर हातचा गेला आणि ठरीव मोबदला पदरात पडला. त्याहीपूर्वी, १९२७ साली, नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठीच राखावा, असे ह्या समितीने सुचविले आणि १९२९ साली मध्यवर्ती रस्ता निधी अस्तित्वात आला. त्याची वाटणी प्रांतांमध्ये पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात होई. जो रस्ता वापरतो त्याने द्यावे आणि त्याने दिलेले रस्त्यापर्यंत पोहोचावे, इतका हा हिशेब सरळ होता. दिल्लीने प्रांतांसाठी जे तत्त्व मानले ते प्रांताने आपल्या शहरांसाठी का मानू नये, हे आम्हांस आजवर कोणी समजावून दिलेले नाही. जयकरांच्या नावाचे ग्रंथालय ज्या आवारात आहे त्याच्याच वेशीवर, गणेशखिंडीत, तासन्‌तास खोळंबलेल्या पुणेकरांना ह्यावर विचार करण्यास सवड मात्र भरपूर मिळते.

जकातीची कथाही ह्याच वळणाने गेली. १ एप्रिल २०१३ रोजी पुण्यात जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. व्यापारी वर्गाने त्याविरुद्ध हरताळ केले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतील उलाढालीस त्यातून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येताच तोही कर संपला. त्याबदली दरसाल ८ टक्के वाढीने नुकसानभरपाई देण्याचा कायदा राज्याने केला. ८ टक्के हा आकडा कंजूषपणाचा नव्हे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. जकातनाक्यावरील रांगा आणि तेथील चिरीमिरी ह्यांबद्दलही कोणास हळहळ वाटण्याचे कारण नाही. परंतु जकात महापालिका स्वतः गोळा करी. भरपाई तिला मिळते. घेणारा आणि मिळविणारा ह्यांच्या बोलण्यात जो फरक असतो तो तेव्हापासून महापालिकेच्या बोलण्यात आला आहे.

उरला तो मालमत्ता कर. तो तरी महापालिकेचा आहे काय? मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर जानेवारी २०२२ मध्ये माफ झाला, तो राज्याच्या निर्णयाने. तूट मात्र महापालिकेची. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यास १९७० पासून मिळणारी ४० टक्क्यांची सवलत मध्यंतरी राज्याच्याच आदेशाने थांबली आणि २०२३ साली राज्यानेच ती पुन्हा सुरू केली. समाविष्ट गावांचा प्रकार तर ह्याहून विलक्षण. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे राज्याने पुणे शहरात घातली. क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरांच्या वर गेले. (त्यांपैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०२४ साली पुन्हा वेगळी काढण्यात आली.) गावे आली ती अरुंद रस्ते आणि गटारांविना उभ्या इमारती बरोबर घेऊन. तेथे रस्ते करावयाचे ते महापालिकेने. आणि तेथील मालमत्ता कराच्या वसुलीस २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर स्थगिती दिली ती राज्याने. पाहुणे वाढवावयाचे आणि शिधा काढून घ्यावयाचा, ह्यास कारभार म्हणत नाहीत.

कात्रज-कोंढवा रस्ता हे ह्या ओढाताणीचे बोलके उदाहरण होय. साडेतीन किलोमीटरांचा हा रस्ता ८४ मीटर रुंद व्हावयाचा होता. भूसंपादनास पैसा पुरेना म्हणून तो ५० मीटरांवर आणावा लागला, आणि काम २०१८ साली हाती घेऊनही वर्षानुवर्षे जागेपायी रेंगाळले. राज्याने भूसंपादनासाठी २०० कोटींचे आश्वासन दिले खरे. परंतु आश्वासनावर जागामालक ताबा देत नाहीत. इकडे त्या उतारावर अवजड गाड्यांखाली माणसे मेली. चांदणी चौकातही जागा महापालिकेने मिळवून द्यावयाची आणि बांधकाम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने करावयाचे, अशी विभागणी होती. २०१७ साली भूमिपूजन झालेले ते काम लोकांच्या उपयोगी पडावयास १२ ऑगस्ट २०२३ उजाडावा लागला.

राज्य सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. मुंबई महापालिकेच्या मुदतठेवी २०२२ साली ९० हजार कोटींच्या घरात होत्या, आणि तरीही तेथील रस्ते पावसात वाहून जात. तेव्हा केवळ पैशाने रस्ते होत नाहीत, हे सिद्धच आहे. पुण्यातही नवे डांबर पडल्यावर महिन्याभरात केबलसाठी, पाण्यासाठी, गॅससाठी तोच रस्ता उकरणारे खाते महापालिकेचेच असते किंवा तिच्या परवानगीने आलेले असते. ठेकेदाराच्या दोषदायित्वाची मुदत कागदावर राहते. शिवाय विदर्भ-मराठवाड्यातील खेड्यांना बारमाही रस्ता हवा आहे, तेव्हा पुण्याच्या करातून काही त्यांच्या वाट्यास गेले तर पुणेकरांनी कुरकुर करू नये. काही जाणे आणि सर्वच जाणे ह्यांत मात्र अंतर आहे.

हा वाद सभागृहात मांडावयाचा, तर मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ पुण्यात निवडून आलेले सभागृहच नव्हते. कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. नेमणूक करणाऱ्यापाशी नेमलेल्याने शहराचा हक्क मागावा, ही अपेक्षा कोणाही आयुक्ताच्या बाबतीत अवास्तव होय.

आमची मागणी अनुदानाची नाही. ज्या शहरात वाहन नोंदले जाते त्या शहराच्या महापालिकेस वाहन कराचा ठराविक हिस्सा कायद्याने मिळावा, आणि महापालिकेने तो स्वतंत्र खात्यात ठेवून कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ठेकेदाराकरवी, किती खर्चिला ह्याचा तपशील दर सहामाहीस प्रसिद्ध करावा. तपशील प्रसिद्ध न झाल्यास पुढचा हप्ता राज्याने खुशाल रोखावा. मालमत्ता करात राज्यास सवलत द्यावयाची असेल तर तिची रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पातून भरून निघावी. समाविष्ट गावांतील थांबविलेल्या वसुलीपासून ह्याचा आरंभ करता येईल. राज्य वित्त आयोगाने दर पाच वर्षांनी अहवाल द्यावा व त्यावरील कार्यवाहीचे निवेदन विधिमंडळापुढे यावे, असे घटनेनेच सांगितले आहे. पुणे जिल्ह्यातून एकवीस आमदार विधानसभेत बसतात. त्यांपैकी किती जण हा विषय पुढील अधिवेशनात उपस्थित करतात, ह्याची नोंद आम्ही ठेवणार आहोत.