तीन टक्क्यांवर चालणारी ज्योत
घरातली आग : लेखांक ५

गॅसच्या शेगडीची ज्योत निळी का असते, ते मागच्या लेखात पाहिलं. तिथे बर्नरच्या भोकांतून बाहेर पडण्याआधीच गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. मेणबत्तीला ही सोय नाही. आपलं इंधन तिला स्वतःच वितळवायचं असतं, वर चढवायचं असतं, त्याची वाफ करायची असते आणि मग भोवती मिळेल त्या हवेवर भागवायचं असतं.

मेणाचा नुसता गोळा काडीने पेटवून पाहा. ओघळ येतील, बोट भाजेल, पण गोळा पेटणार नाही. मेण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं खरं, पण पेट घेते ती त्याची वाफ, आणि पुरेशी वाफ व्हायला तीनशे अंशांच्या वर जावं लागतं. काडीची उष्णता गोळाभर पसरते आणि वाया जाते. वात नेमकी ही अडचण सोडवते. सुताच्या धाग्यांतून पातळ मेण थेंबाथेंबाने वर चढतं आणि ज्योतीला एका वेळी तेवढंच तापवावं लागतं. वात काळवंडते, टोकाला थोडी जळते, पण ती इंधन नव्हे.

वाफच जळते याचा पुरावा फुंकर मारल्याबरोबर समोर येतो. वातीवरून पांढऱ्या धुराची बारीक रेघ वर जाते. हा धूर म्हणजे गार होऊन गोठलेली मेणाची वाफ. वारा नसेल तर पेटती काडी त्या रेघेला वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर लावा. ज्योत धुरावरून खाली धावत येते आणि काडी न टेकताच वात पेटते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यांतही हा प्रयोग होता. मेणबत्तीच्या माथ्यावर तयार होणाऱ्या वाटीकडेही त्याने मुलांचं लक्ष वेधलं होतं. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी खालून गार हवा मेणबत्तीच्या अंगाला घासत वर येते, त्यामुळे कड थंड राहते आणि मधलंच मेण वितळतं. खिडकीतून झुळूक आली की ज्योत कलते, त्या बाजूची कड वितळते आणि साचलेलं सगळं मेण ओघळून टेबलावर येतं.

आता उष्णतेचा हिशोब. साधी मेणबत्ती तासाला सहा-सात ग्रॅम मेण जाळते आणि एक ग्रॅम पॅराफिन जळताना बेचाळीस ते पंचेचाळीस किलोज्यूल उष्णता देतं. म्हणजे मेणबत्ती सुमारे ८० वॉटची भट्टी झाली. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीरही साधारण एवढीच उष्णता बाहेर टाकत असतं. एक ग्रॅम मेण वितळवून, तापवून त्याची वाफ करायला मात्र जेमतेम सव्वा ते दीड किलोज्यूल लागतात. म्हणजे शंभरातले तीन भाग वातीकडे आणि मेणाकडे परतले की झालं, ज्योत पुढचं इंधन स्वतः तयार करते. फुंकर नेमकी हीच परतफेड तोडते. पेटती वाफ वातीपासून दूर उडते, वात गार पडते आणि तापवायला कोणी उरत नाही.

उरलेली उष्णता बहुतेक सरळ वर जाते. ज्योतीच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटरवर बोट आरामात राहतं; टोकाच्या वर त्याच्या दुप्पट अंतरावरही टिकत नाही. हे वर जाणं गुरुत्वाकर्षणाच्या कृपेने. अवकाशात, १९९२ मध्ये कोलंबिया यानात आणि १९९६ मध्ये मीर स्थानकावर, मेणबत्त्या पेटवून पाहिल्या, तेव्हा निमुळती ज्योत दिसलीच नाही. वातीभोवती एक गोल, फिका निळा बुडबुडा तेवढा दिसला.

पृथ्वीवरचा पिवळा रंग काजळीचा. ज्योतीच्या आत हवा पोचत नाही, तिथे मेणाची वाफ तुटून कार्बनचे अतिसूक्ष्म कण होतात आणि बाराशे अंशांच्या आसपास तापून ते उजळतात. बाहेरच्या कडेला, जिथे चौदाशे अंशांपर्यंत तापमान जातं, हवा मिळताच ते जळून संपतात. आपल्याकडे बायका तुपाच्या दिव्यावर वाटी उपडी धरून काजळ धरत, ते याच कणांना जळून जाण्याआधी गाठणं होतं. वाटी पिवळ्या भागात हवी. फार उंच धरली तर काजळ धरत नाही, वाटी नुसती तापते.

एवढं करून प्रकाश किती? बारा-तेरा ल्युमेन. ९ वॉटचा एलईडी दिवा आठशेच्या पुढे जातो. मेणबत्तीच्या ८० वॉटमधून एक वॉटदेखील दिसणाऱ्या प्रकाशाच्या वाट्याला येत नाही. मे महिन्यात लाइट गेले आणि दोन मेणबत्त्या लावल्या, तर खोलीत दोन माणसं वाढल्यासारखी उष्णता होते, आणि पंखा तर बंदच असतो!

थंड देशांतून मात्र उलट्या उपयोगाचे व्हिडिओ दर हिवाळ्यात फिरतात. छोट्या मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घाला, खोली गरम होते, असा त्यांचा दावा. कुंडी उष्णता निर्माण करत नाही. छताकडे निघालेली थोडी उष्णता ती अडवते आणि आजूबाजूला फेकते. जवळ हात धरला की ऊब लागते, म्हणून लोक फसतात. १५०० वॉटच्या साध्या हीटरची बरोबरी करायला अठरा-एकोणीस पूर्ण आकाराच्या मेणबत्त्या लागतील. त्या तासाला जवळपास चारशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि दीडशे ग्रॅमहून जास्त पाण्याची वाफ खोलीत सोडतील, शिवाय काजळी वेगळीच. मग खिडकी उघडावी लागेल आणि ऊब आधी तिथूनच बाहेर जाईल.