पैलवानाची झोप

कोळवणला माझ्या वर्गातला एक मुलगा पहिल्या तासाला हमखास डुलक्या घेतो. रागावण्याआधी चौकशी केली. पहाटे साडेचारला उठून व्यायाम, रात्री साडेअकरापर्यंत मोबाईलवर कुस्त्या. झोप जेमतेम पाच तास. वय चौदा, या वयाला आठ ते दहा तास हवेत. ‘सर, जोर वाढवले तरी ताकद वाढत नाही,’ ही त्याची तक्रार.

वाढणार कशी? शरीर वाढवणारं संप्रेरक सर्वांत जास्त स्रवतं ते रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. कोल्हापूरच्या तालमींत पहाटेची मेहनत आणि खुराक झाला की पैलवान दुपारी झोपतात, संध्याकाळी पुन्हा मेहनत. हा आळस नव्हे. आपण त्यालाच कैलूला म्हणतो, आणि ती सुन्नत आहे. इशानंतर गप्पांत जागू नये, हीही रसूलुल्लाह (स.) यांचीच शिकवण.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ११ बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. धावण्याचा वेग वाढला, फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी सुधारली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

खरी कसोटी रमजानची. तरावीह आणि सहेरीमुळे रात्रीचे दोन तुकडे होतात. तेव्हा तरावीहनंतर थेट अंथरूण गाठावं, महिनाभर मेहनत हलकी ठेवावी. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं डोळे मिटावेत. रोजा असल्यानं डबा नसतोच.

त्याच्या अम्मींना एवढंच सांगितलं, रात्री मोबाईल तुमच्या उशाशी ठेवा. ‘ऐकेल का तो, सर?’ मंगळवारी पहिल्या तासाला तो टक्क जागा होता. बुधवारी पुन्हा डुलकी.