समुद्र आहे, मासळी नाही

२३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ हे मालवाहू जहाज केपटाऊनजवळ बुडाले. त्यातले तेल रॉबेन आणि डॅसन या बेटांकडे पसरले, तेही ऐन विणीच्या हंगामात. तेलाने माखलेले सुमारे १९ हजार आफ्रिकन पेंग्विन गोळा करून आणले गेले. पिसांना तेल लागले की त्यांचा थर फाटतो, गार पाणी थेट कातडीला भिडते आणि पक्षी गारठतो. चोचीने पिसे साफ करू लागला, तर तेल पोटात जाते. म्हणून एकेक पक्षी हातात घट्ट धरून धुवायचा. पिसे पुन्हा पाणी अडवू लागेपर्यंत त्याला सांभाळायचे आणि चोच उघडून मासा भरवायचा, कारण रानातला पेंग्विन मेलेला मासा आपण होऊन खात नाही. हजारो स्वयंसेवकांनी हे काम केले. तेल न लागलेले आणखी साडेएकोणीस हजार पक्षी पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले. ते पोहत घरी परतेपर्यंत किनारा साफ करायला सवड मिळाली. पीटर, पामेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर ट्रान्समीटर होते आणि त्यांचा परतीचा प्रवास जगभरचे लोक रोज पाहत होते.

इतक्या मायेने वाचवलेली ही जात ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया मिळून आता विणीच्या दहा हजार जोड्याही उरलेल्या नाहीत. मुंबईकरांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाहिलेले हंबोल्ट पेंग्विन याच कुळातले, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे.

जुने घाव आहेतच. एकोणिसाव्या शतकात खतासाठी बेटांवरची ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचे थर, खरवडून नेली गेली. त्यातच बिळे करून राहणाऱ्या पेंग्विनांना उघड्यावर, उन्हात अंडी घालावी लागली. अंडी गोळा करून विकण्याचा धंदा तर १९६७ पर्यंत चालला. पण पेंग्विन घटण्याचे आजचे मुख्य कारण भूक आहे.

ही भूक पेंग्विनला इतकी का भोवते, हे त्याची पिसे झडताना कळते. वर्षातून एकदा तो सगळी पिसे एकदम टाकतो. नवी येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, त्याला पाण्यात उतरता येत नाही आणि म्हणून काही खाताही येत नाही. किनाऱ्यावर उभे असलेले, पिसांचे पुंजके लोंबणारे हे पक्षी नवख्याला आजारी वाटतात. या काळात त्यांचे वजन जवळजवळ निम्म्यावर येते. आधी अंगावर चरबी चढली नसेल, किंवा नंतर बेटाजवळ मासळी मिळाली नाही, तर पक्षी मरतो. बहुतेक मरतात ते समुद्रात, कुणाच्या नजरेस न पडता. रॉबेन आणि डॅसनवर २००४ साली वीण केलेल्या पक्ष्यांपैकी सुमारे ९५ टक्के पुढच्या आठ वर्षांत मेले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या तेलातून ज्यांना वाचवले होते, त्यांचीच ही बेटे.

पेंग्विनचे अन्न म्हणजे सार्डिन, आपल्या तारलीची जातभाई, आणि अँकोव्ही. समुद्राचे तापमान व क्षारता बदलली, पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीचा ताणही होता. सार्डिनचे थवे पूर्वेकडे सरकले आणि बेटे जागच्या जागी राहिली. उरलेली मासळी पर्ससीन जाळ्यांनी उपसली जाते. कोकणात पारंपरिक मच्छीमारांचे ज्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडण चालू आहे, तीच ही जाळी.

मासे सरकले तर वसाहत तिकडे नेता येईल का, हेही करून पाहिले जात आहे. दक्षिण किनाऱ्यावरच्या डे हूप इथे नकली पेंग्विन उभे करून खऱ्या पेंग्विनांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले गेले. हाताने वाढवलेली पिल्लेही तिथून समुद्रात सोडली गेली. २०२२ मध्ये तिथे पहिली वीण झाली. प्रयत्न सुंदर आहे, पण नुकत्याच सुरू झालेल्या वसाहतीवर सगळी जात सोपवता येत नाही.

म्हणूनच मला २०२५ ची कोर्टातली लढाई अधिक मोलाची वाटते. बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि समुद्रपक्ष्यांसाठी १९६८ पासून झटणारी सॅनकॉब या संस्थांनी सरकारविरुद्ध दावा लावला होता. बेटांभोवतीची मासेमारीबंदी पेंग्विन जिथे खरोखर चरतात तिथे नाही, हे त्यांचे म्हणणे. मार्चमध्ये मासेमारी उद्योगाशी तडजोड झाली आणि न्यायालयाने तिला आदेशाचे रूप दिले: सहा वसाहतींभोवती दहा वर्षे सार्डिन-अँकोव्हीच्या मासेमारीला मर्यादा, आणि रॉबेन व बर्ड बेटांभोवती वीस किलोमीटरपर्यंत बंदी. या सीमारेषांबाहेर सार्डिन किती पकडायची, हा कोटा मात्र सरकारने दरवर्षी ठरवायचा आहे.