‘वागणूक तीच आहे’ हे कोण तपासणार?

अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचा कर्नल असतो. मेमरी आणि प्रोसेसर कोणत्या अ‍ॅपला कधी मिळेल, हे तो ठरवतो. 1991 साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेला हा कोड आता काही कोटी ओळींचा झाला आहे. एवढ्या जुन्या कोडची साफसफाई सतत चालते. सफाईच्या पॅचसोबत, म्हणजे कोडमधल्या बदलासोबत, बहुतेकदा एक ग्वाही येते: कोड नीटनेटका केला, वागणूक तीच आहे. माझ्या मते सर्वांत कसून तपासायला हवी ती हीच ग्वाही. नवी सुविधा आली की सगळे सावध असतात. सफाई मात्र सहज नजरेआड होते.

‘स्ट्रएलकॉपी’चंच पाहा. हे मजकुराची नक्कल करणारं फंक्शन. नक्कल ठेवायची जागा कितीही लहान असो, ते मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचतं. मजकुराला शेवटच नसेल, तर भलतीच मेमरी वाचत सुटतं. म्हणून 2015मध्ये ‘स्ट्रएसकॉपी’ हा सुरक्षित पर्याय आला आणि 2024मध्ये, 6.8 आवृत्तीत, जुनं फंक्शन कायमचं निघालं.

वरवर पाहता हा नुसता नाव बदलण्याचा मामला. पण 20 अक्षरांचं नाव 16 बाइटच्या जागेत भरायला गेलं, तर जुनं फंक्शन 20 हे उत्तर देतं आणि नवं देतं उणे 7, म्हणजे ‘मावलं नाही’ अशी खूण. पुढच्या ओळीत ‘उत्तर 16 पेक्षा मोठं आहे का?’ एवढीच साधी तुलना असेल, तर नाव कापलं गेल्याचं कोणाला कळणारही नाही. म्हणून तपासणारा फक्त बदललेली ओळ पाहून थांबत नाही. तिचं उत्तर पुढे कुठे वापरलंय, हेही शोधतो.

‘स्ट्रएनकॉपी’ हे नक्कल करणारं आणखी एक फंक्शन काढताना धोका वेगळा. ते उरलेली जागा शून्यांनी भरतं, ‘स्ट्रएसकॉपी’ भरत नाही. ती जागा आधी पुसलेली नसेल आणि पुढे जशीच्या तशी एखाद्या अ‍ॅपकडे जाणार असेल, तर कर्नलच्या मेमरीतले जुने तुकडेही बाहेर पडतात. तिथे शून्यं भरणारा वेगळा पर्यायच वापरावा लागतो.

असे धोके सहज नजरेतून सुटतात, म्हणूनच एका पॅचमध्ये एकाच प्रकारचा बदल असावा, असा आग्रह धरला जातो. पुढे बिघाड झाला, तर ‘गिट बायसेक्ट’ या बिघाड शोधणाऱ्या साधनाने नेमका पॅच सापडतो; पण दहा बदल एकत्र असतील, तर सापडलेल्या पॅचमधलाही दोषी बदल पुन्हा हुडकावा लागतो.

कर्नलमध्ये पाऊल ठेवणारे नवखे अनेकदा सफाईपासूनच सुरुवात करतात. त्यांनी स्वतःच्या पॅचइतकाच वेळ इतरांचे पॅच तपासायलाही द्यावा. दुसऱ्याने ‘तीच’ म्हटलेली वागणूक खरोखर तीच आहे का, हे शोधताना कर्नल जितका कळतो, तितका नुसत्या ओळी बदलून कळत नाही.